पीक गेले असताना हंगामाच्या उपासनेत कोणती साक्ष द्यावी?

गोदाकाठ (अंबड तालुका)
सर्वांना प्रभूमध्ये सलाम. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत आणि पाठोपाठ जायकवाडीतून सोडलेल्या पाण्यात आमचे सोयाबीन हातचे गेले. जे उभे राहिले त्याच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटले आणि नदीकडच्या बाजूची माती खरवडून गेली. अशात हंगामाच्या उपासनेत, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानण्याच्या चर्चमधील सणात, मी उपकारस्तुतीची साक्ष द्यावी, म्हणजे देवाचे उपकार सर्वांसमोर सांगावेत, असे आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी (धर्मगुरूंनी) सुचवले आहे. माझा विश्वास डळमळलेला नाही. परंतु सोसायटीचे कर्ज डोक्यावर असताना ‘प्रभूने सर्व उत्तम केले’ असे म्हणायला जीभ रेटत नाही. न म्हटल्यास ती कृतघ्नता ठरेल का?

निवृत्त शिक्षिका (जालना)
भाऊ, सर्व स्थितीत उपकारस्तुती करण्यास थेस्सलनीकाकरांना सांगणारा प्रेषित पौल त्यांच्याकडे आला तोच फिलिप्पैत फटके खाऊन. तेथे पाय खोड्यात अडकलेले असताना त्याने सीलाबरोबर मध्यरात्री गीते गायली होती. एवढे आपण उपदेशात नेहमी ऐकतो. मात्र हाच पौल करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभी, आशियात आपण जगण्याचीही आशा सोडली होती, हे मुळीच लपवत नाही, आणि ते उपदेशात फारसे येत नाही. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, तरीही ते प्रार्थना म्हणून पवित्र शास्त्रात (बायबलमध्ये) राहिले आहे. हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात अंजीर, द्राक्षवेल, जैतून, शेत, मेंढवाडा आणि गोठा अशा एकेका नुकसानीची नोंद आहे. तलाठ्याने बांधावर येऊन पंचनामा करावा तशी. परमेश्वराच्या ठायी उल्लास करण्याचे वचन त्यानंतर येते. तुम्हीही आधी काय गेले ते सांगा. त्यापुढे जेवढे मनापासून म्हणता येईल तेवढेच म्हणा.

औसेकर
बाईंशी मी सहमत आहे, पण माझा आक्षेप मुळात साक्ष मागण्यालाच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी शाळकरी होतो. आप्त गमावलेल्या माणसांना ‘हे पापाचे फळ आहे’, नाहीतर ‘वाचलात म्हणून आभार माना’ असे सांगणारे लोक मी पाहिले आहेत. शिलोहाचा बुरूज पडून मेलेले अठरा जण इतरांपेक्षा अधिक अपराधी होते का, या प्रश्नाला प्रभूने लूकाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात स्पष्ट नकार दिला आहे. ज्याचे नुकसान झाले आहे त्याने स्वतःहून आभार मानले तर ती उपासना होय. इतरांनी ते त्याच्याकडून वदवून घेणे हा, माझ्या मते, त्याच्यावरचा भार आहे.

वडीलमंडळातील एक सभासद (परभणी)
आमच्याकडे हंगामाच्या सणाला आलेल्या धान्याचा, कोंबड्यांचा, भोपळ्यांचा लिलाव होतो. यंदा ती रक्कम इमारतीच्या रंगकामासाठी न ठेवता, शेत बुडालेल्या घरांना रब्बीच्या हरभऱ्याचे बियाणे घेण्यासाठी द्यावी, असा ठराव आम्ही केला. काहींना तो रुचला नाही, तरी मंजूर झाला. तुमच्या मंडळीपुढेही (चर्चच्या सभासदांपुढे) हा विषय मांडून पाहा.

गोदाकाठ
आपणा सर्वांचा आभारी आहे. पाळकसाहेबांशी सविस्तर बोललो. साक्षीऐवजी मी हबक्कूकाचा तिसरा अध्याय वाचणार आहे. नुकसानीची नोंद असलेल्या सतराव्या वचनापाशी थांबलो, उल्लासाचे अठरावे वाचले नाही, तर चालेल का, असे विचारल्यावर ते म्हणाले, ‘तुम्ही थांबा, अठरावे मंडळी उभी राहून म्हणेल.’ बियाण्याचा विषय येत्या रविवारी बैठकीत घेणार आहोत.