चार वर्षांच्या मुलीला मसाई पठारावर न्यावे का?

रंकाळ्याकाठची:
आम्ही दोघेही लग्नाआधीपासून गडकिल्ले फिरत आलो आहोत. परंतु मुलीच्या जन्मानंतर माळ्यावर ठेवलेली सॅक अद्याप खाली उतरलेली नाही. ती आता चार वर्षांची असून येत्या ऑक्टोबरमध्ये तिला पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर न्यावे असा आमचा विचार आहे. सासूबाईंना हे मान्य नाही आणि त्यांची काळजी मला अनाठायी वाटत नाही. एवढ्या लहान मुलीला किती चालवावे आणि ती वाटेतच थकली तर काय करावे?

गडवाट:
ताई, सुरुवात पन्हाळ्यावरून करावी. गाडी थेट गडावर जात असल्याने चालणे किती ठेवायचे हे आपल्या हातात राहते. आम्ही मुलाला पहिल्यांदा तिथेच नेले. १६६० साली सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज विशाळगडाकडे कसे निघाले, ही गोष्ट सांगत तीन दरवाजा आणि अंधारबाव दाखवली आणि अंबरखान्याच्या गंगा, यमुना, सरस्वती या कोठ्यांत तर तो बाहेर यायलाच तयार नव्हता. तटाजवळ मात्र मुलाचा हात क्षणभरही सोडू नये.

खरी कसोटी परतीची असते, हे आम्हाला नंतर एका डोंगरावर कळले. मुलगा वर उत्साहाने चढला, पण उतरताना खांद्यावर झोपला. झोपलेले मूल जागेपणीपेक्षा जड वाटते, आणि त्याला छातीशी धरले की आपले पाऊल कुठे पडते हे दिसत नाही. त्या दिवशी घसाऱ्यावर मला फार भीती वाटली. तेव्हापासून परत फिरण्याची वेळ आम्ही निघण्यापूर्वीच ठरवतो आणि मूल कितीही आनंदात असले तरी ती पाळतो.

शाहूपुरीकर:
पठार सपाट असल्याने चालायला सोपे आहे. परंतु सावली फारच कमी असल्याने सकाळी लवकर निघून ऊन चढण्यापूर्वी परतावे. पाठीवर बसवून नेणार असाल, तर आपण घामाघूम होतो त्याच वेळी हालचाल नसल्याने मूल वाऱ्यात गारठते, हे लक्षात ठेवून कानटोपी आणि पायमोजे घालावेत व मधूनमधून त्याच्या मानेला हात लावून पाहावा. धुके दाटले तर पठारावर दिशा कळत नाही. अशा वेळी पुढे जाऊ नये.

गडवाट:
एक राहिले. कड्याला किंवा कमानीखाली आग्यामोहोळ दिसले तर आवाज न करता मागे फिरावे. त्या दिवशी अत्तर लावू नये.

रंकाळ्याकाठची:
दोघांचेही मनापासून आभार. आधी पन्हाळाच करू. तिची दुपारची झोप एक वाजता असते, म्हणून अकराला परत फिरायचे ठरवले आहे.