शेपटी फाटलीय की कुजतेय?

बी ३०४: ग्रुपवर माशांतलं कोणाला कळतं का? आमच्या दोन क्लाउनफिशपैकी धाकट्याची शेपटी फाटलीय. परवापर्यंत अख्खी होती. दुकानदाराने निळं औषध दिलंय, आज रात्री टाकीत घाला म्हणाला. फोटो टाकतेय.

ए १०१: तळायचा का? 😄

बी ३०४: काका 🙏

सी ७०३: ताई, औषध घालू नका. टाकीत ते अ‍ॅनिमोन, फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी, आहे ना तुमच्या?

बी ३०४: हो, मागच्याच आठवड्यात आणलंय. दोन कोरलही आहेत.

सी ७०३: मग नकोच. निळं म्हणजे बहुतेक मिथिलीन ब्लू. ते मुख्य टाकीत गेलं की दगडांतले कामाचे जिवाणू मरतात, अमोनिया चढतो, आणि शेपटी राहते बाजूला, मासाच जातो. तांब्याचं औषध असेल तर अ‍ॅनिमोनही गेलं. फोटो परत काढा, फ्लॅश न लावता. काचेत तुमचा मोबाइलच दिसतोय.

सेक्रेटरी: उद्या टाकी सफाई. सकाळी ११ ते २ पाणी बंद राहील.

बी ३०४: कुठल्या टाकीची? 😀

सेक्रेटरी: गच्चीवरच्या. 🙂

सी ७०३: ताई, आरओचं पाणी आजच भरून ठेवा, लागेल.

बी ३०४: हा घ्या दुसरा फोटो.

सी ७०३: आता दिसलं. शेपटीच्या वरच्या टोकाचा एकच तुकडा गेलाय, कड साफ आहे, कात्रीने कापल्यासारखी. कुजत असती तर कड पांढुरकी नाहीतर लालसर दिसली असती, साडीचा काठ उसवावा तशी, आणि रोज थोडी थोडी अंगाकडे सरकली असती. श्वास जोरात घेतोय का? अंगावर चिकट पांढरा थर?

बी ३०४: नाही. खातोय पण.

सी ७०३: सुटलात. थर असता तर ब्रुकलिनेला, म्हणजे परजीवीचा रोग. क्लाउनफिशला तो हमखास गाठतो आणि दोन-तीन दिवसांत संपवतो. मिठासारखे सुटे दाणे म्हणजे इच, चाळलेल्या पिठासारखी बारीक धूळ म्हणजे व्हेल्वेट. यातलं काही नाही.

बी ५०१: आमच्या माशाच्या परावर फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी पांढरी गाठ आली होती. दोन बाटल्या औषध ओतलं. मग कळलं विषाणू असतो, त्याला औषधच नाही. पाणी नीट ठेवलं, आपोआप गेली.

बी ३०४: आत्ता बघत बसले होते. मोठा याच्या अंगावर धावून जातो. हा तिरका होऊन थरथरतो. फिट येते का हो?

सी ७०३: फिट नाही, शरण आलोय म्हणून सांगतो. आणि तो मोठा नाही, मोठी. क्लाउनफिशमध्ये सगळ्यात मोठी ती मादी, तिच्या खालोखालचा नर. ती मेली तर हाच पुढे मादी होतो. नवं अ‍ॅनिमोन आलं म्हणजे घर आलं, त्यावर कोणाचा हक्क ते ती दाखवतेय. तुकडा तिनेच तोडलाय.

ए १०१: घरोघरी मातीच्या चुली.

सी ७०३: मोठीला जाळीच्या डब्यात घालून त्याच टाकीत ४-५ दिवस लटकवा. धाकट्याला नको, त्याला अ‍ॅनिमोनची सवय होऊ दे. अमोनिया तपासा, शून्यच हवा. १०-१५ टक्के पाणी बदला, मिठाच्या पाण्याची सापेक्ष घनता १.०२५ ला जुळवूनच. पंपाच्या तोंडाला स्पंज आहे ना?

बी ३०४: नाही 😬 लावते.

(नऊ दिवसांनी)

बी ३०४: फोटो बघा. तुटलेल्या जागी काचेसारखी पट्टी आलीय, आरपार दिसतंय.

सी ७०३: नवा पर आहे तो. रंग मागून भरेल. मोठी?

बी ३०४: काल सोडली. आल्या आल्या एक ढुशी दिली, हा थरथरला, आणि दोघं जाऊन अ‍ॅनिमोनमध्ये झोपली. निळी बाटली कोणाला हवीय का? सील फोडलेलं नाही.