गॅलरीत, लहान मुलांच्या सोबतीने दिवाळीचा किल्ला कसा करावा?

प्रश्न – गॅलरीतला_गड

आम्ही पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि सोसायटीच्या आवारात सगळीकडे फरशी असल्यामुळे किल्ल्यासाठी गॅलरीखेरीज जागा नाही. मुलगी सात वर्षांची, तर मुलगा चार वर्षांचा आहे. बाजारात प्लास्टरचे तयार किल्ले मिळतात, परंतु मुलांचे हात मातीत भरावेत आणि सुट्टीत सगळ्या घराने मिळून एखादे काम करावे, अशी आमची मनापासून इच्छा आहे. मातीचा भार आणि पाण्याची गळती कशी सांभाळावी, कोणता गड निवडावा, आणि धाकट्याला नुसते बघत न बसवता कोणते काम द्यावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – मातीकाम

आधी जाड प्लास्टिकचा कागद अंथरून त्याच्या चारही कडा विटांवर चढवून घ्या, म्हणजे पाणी खालच्या मजल्यावर उतरणार नाही. डोंगर आतून भरीव करू नका. पालथ्या कुंड्या, रिकामे पत्र्याचे डबे आणि मोजक्या विटा रचून उंची साधावी आणि त्यावर चिखलाच्या राड्यात बुडवलेले गोणपाट पांघरावे. माती अगदी थोडी लागते आणि भारही पडत नाही. गोणपाटाला पडलेल्या चुण्या ताणून सरळ करू नयेत, कारण डोंगराच्या सोंडा आणि घळी त्यांतूनच दिसू लागतात. पुठ्ठ्याची खोकी मात्र आत ठेवू नका, ती ओलीने बसतात.

धाकट्याकडे अळीव सोपवावेत. हे बी भिजले की त्याच्याभोवती बुळबुळीत, चिकट थर येतो आणि त्यामुळे ते उतारावरही ओल्या मातीला धरून राहते. मोहरी बरेचदा घरंगळून पायथ्याशी जमा होते. मुलाला तळहातावर ओले अळीव घेऊन बोटाने चाचपू द्या, ते का चिकटतात हे त्याला न सांगता कळेल. साधारण दोन-तीन दिवसांत मोड दिसतात आणि आठवड्याभरात हिरवी लव येते, म्हणून वसुबारसेला गड हिरवा हवा असेल तर पेरणी सहा-सात दिवस आधी व्हायला हवी. पाणी फवाऱ्यानेच द्यावे, तांब्याने ओतल्यास बी वाहून जाते.

उत्तर – गडवाट

रायगडावर १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला असल्यामुळे बहुतेक मुलांच्या तोंडी त्याचेच नाव पहिले येते. तरीही आपल्या मुलांसाठी मी राजगड सुचवेन. मधोमध उंच बालेकिल्ला आणि तीन दिशांना पसरलेल्या पद्मावती, सुवेळा व संजीवनी या तीन माच्या, एवढे साधले की तो राजगड म्हणून ओळखू येतो. शिवाय तो पुणे जिल्ह्यातच आहे, त्यामुळे मुले थोडी मोठी झाली की प्रत्यक्ष दाखवता येईल. २०२५ मध्ये मराठ्यांचे जे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत राजगडही आहे.

संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी थोरलीला करू द्या; मातीच्या दोन वळ्या शेजारी शेजारी लावून मध्ये बोटभर वाट सोडली की झाले. सुवेळा माचीवर खडकाला आरपार भोक आहे, त्याला नेढे म्हणतात. माती ओली असतानाच धाकट्याला त्या जागी बोट आरपार घालू द्यावे. बुरुजांसाठी लहान पेल्यात ओलसर माती दाबून भरायची आणि पेला पालथा घालायचा, हेही त्याला सहज जमेल.

गॅलरीतला_गड

आपले दोघांचेही आभार. राजगडच करू. रंग कोणते वापरावेत आणि मावळे कधी मांडावेत, हेही सांगावे.

उत्तर – बालवाडीताई

तटाला आणि पायऱ्यांना पाण्यात कालवलेला गेरू पुरेसा आहे. चुना मात्र लहान मुलांच्या हाती देऊ नका, त्याने त्वचेची आग होते आणि डोळ्यांना इजा होऊ शकते. मावळे सगळ्यात शेवटी, माती वाळू लागल्यावर मांडावेत, नाहीतर ते कलंडतात आणि मुले हिरमुसतात. धाकट्याला जमलेच तर एखादा मावळा शाडूचा करू द्यावा, त्याला नाकडोळे नसले तरी चालतील.

एक कळकळीची विनंती आहे. मुले झोपल्यावर वाकडा बुरुज सरळ करण्याचा मोह मोठ्यांना फार होतो, तो आवरावा. सकाळी उठून आपले काम बदललेले दिसले की लहान मूल त्यातून अंग काढून घेते, हे मी बालवाडीत सतत पाहते. बुरुज ढासळत असेल तर त्याला विचारून, त्याच्याच हाताने टेकू द्यावा.

दिवाळी संपल्यावर गोणपाट झटकून वाळवून ठेवावे आणि माती कुंड्यांत परत भरावी. अळिवाची रोपे तिच्यातच मिसळून टाकली तरी चालतात.