डोंबिवली सोडून नाशिकला शिफ्ट व्हावं का? (दोघंही नोकरीवाले, मुलगी तिसरीत)

फास्ट_लोकल:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते विचारूनच टाकतो. डोंबिवली पूर्वेला भाड्याने राहतो, वनबीएचके, १६ हजार, आणि अकरा महिने झाले की मालकाचं ठरलेलं, "आजूबाजूला विचारून बघा काय रेट चाललाय". मी अंधेरीला एका लॉजिस्टिक्स कंपनीत अकाउंट्सला, बायको ठाण्यात खाजगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स, आई आमच्यासोबत, तिचे गुडघे गेलेत आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर बिनलिफ्टचे. इथे टूबीएचके बघायला गेलं की ७० लाखांच्या खाली कोणी बोलत नाही आणि जे बोलतात त्यांच्या कागदांची भीती वाटते, ते ६५ बिल्डिंगांचं प्रकरण तर माहितीच आहे, खोट्या परवानग्या दाखवून रेरा (बिल्डरच्या प्रकल्पाची सरकारी नोंदणी) नंबर मिळवलेले, आणि लोकांची आयुष्यभराची पुंजी त्यात.
मावसभाऊ नाशिकला पाथर्डी फाट्याला राहतो, तो म्हणतो तिकडे ४० लाखांच्या आसपास लिफ्ट-पार्किंगसकट मिळेल. ऑफिसमध्ये साहेब म्हणालेत आठवड्यातून दोन दिवस ये, बाकी घरून कर. जमेल का हे? आणि बायकोच्या नोकरीचं काय? खरं सांगायचं तर ती एवढी खुश नाहीये, आई मात्र बॅग भरून बसलीये.

पंचवटी_पासवाला:
दोन दिवस म्हणजे ऐकायला सोपं आहे, हिशोब सांगतो. पंचवटी एक्स्प्रेस नाशिकरोडहून सकाळी सातच्या सुमारास, दादरला दहा वाजून जातात, मग वेस्टर्नला बदलून अंधेरी, म्हणजे टेबलावर बसेपर्यंत अकरा. संध्याकाळी तीच गाडी सीएसएमटीहून सव्वासहाला सुटते, तुम्हाला दादरला पकडायची तर अंधेरीतून पाचला उठावंच लागेल. म्हणजे ऑफिसात सहा तास. साहेबाला हे चालणार आहे का? आणि पाथर्डी फाटा ते नाशिकरोड स्टेशन जवळ नाही हो, पहाटे बाईक काढायची, स्टँडला लावायची, रात्री दहाला परत.
पासवाल्यांचा ग्रुप भारी असतो, त्यात वाद नाही, डब्यात वाढदिवस होतात, लग्न जमतात. पण पावसाळ्यात कसारा घाटात दरड आली की दिवस गेला. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे (भिवंडीजवळ) टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून गाडीवाल्यांचा घाटातला त्रास वाचलाय, पण टोल आहे, बाईकला बंदी आहे आणि आमण्याला उतरलात की पुढे भिवंडीचं ट्रॅफिक तसंच.
पहिलं काम, ते "घरून कर" मेलवर लिहून घ्या. साहेब बदलला की तोंडी शब्द गेला.

नाईट_ड्युटी:
वहिनींना माझा निरोप द्या, मी पण नर्सच, लग्नानंतर ठाण्याहून इथे आले. नोकरी मिळेल, त्याची काळजी नको, मुंबई नाका, द्वारका, कॉलेज रोड सगळीकडे हॉस्पिटलं आहेत आणि अनुभवी स्टाफ सगळ्यांना हवा असतो. रजिस्ट्रेशन महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचंच चालतं, परत काही करायचं नाही. पण पगार कमी. मला ठाण्यात होता त्याच्या पाऊणपटीवर सुरुवात करावी लागली, आयसीयूचा अनुभव असून. दुसरं म्हणजे इथे लोकल नाही. सिटीलिंक बस आहे २०२१ पासून, दिवसा ठीक, पण रात्री शिफ्ट सुटल्यावर बसच्या भरवशावर राहू नका, स्कूटी लागणारच, तुम्हाला एक नी वहिनींना एक.
पण एक सांगते, सेकंड शिफ्ट सुटली की पंधरा मिनिटात घरात असते मी. ठाण्याला असताना रात्रीच्या कर्जत लोकलला लेडीज डब्यात दारात लटकलेय. वहिनी खुश नाहीयेत म्हणता तर घर बघायच्या आधी त्यांना इथे दोन-तीन इंटरव्ह्यू देऊ द्या ना. आकडा हातात आला की मग बोला. नाहीतर घर स्वस्त आणि एक पगार गेला, असं व्हायचं.

बदलापूरचा_बंड्या:
एवढं लांब कशाला, बदलापूर-टिटवाळा बघा की. दोघांच्या नोकऱ्या शाबूत राहतील.

नाईट_ड्युटी:
@बदलापूरचा_बंड्या सकाळची बदलापूर लोकल आणि तीन शिफ्टची बाई, तुम्ही चढून दाखवा आधी :)

सातबारा_वाचक:
खरेदीचं बोलतो, मी याच कामात आहे. बांधकाम चालू असलेला फ्लॅट ४५ लाखांपर्यंत असेल तर जीएसटी १ टक्का, नाहीतर ५. पण त्याला कार्पेटची (घराच्या आतल्या वापरायच्या जागेची) अट आहे, मुंबई महानगर भागात ६० चौरस मीटर, नाशिकला ९०. म्हणजे तिकडे जो टूबीएचके ५ टक्क्यांत जातो तो इथे १ मध्ये बसू शकतो. ओसी (इमारत राहायला तयार असल्याचा पालिकेचा दाखला) मिळालेला घेतला तर जीएसटीच नाही, माझं मत विचाराल तर तोच घ्या, ईएमआय आणि भाडं दोन्ही भरत बसू नका. फ्लॅट फक्त वहिनींच्या नावावर केलात तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट, जॉइंट नावावर नाही मिळत. दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न ९ लाखांच्या आत, भारतात कुठे पक्कं घर नाही, आणि घर ३५ लाखांपर्यंतचं असेल तर पंतप्रधान आवास २.० मध्ये व्याजाची सबसिडी पण बघा, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, हप्त्यांमध्ये येते.
नदीच्या बाजूला स्वस्त दिसलं तर पूररेषा विचारा, निळी (आत बांधकामाला बंदी) आणि लाल (बांधकामाला अटी). नाशिककर दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं त्यावर पूर मोजतात ते उगाच नाही. सिडकोतलं जुनं घर असेल तर ट्रान्सफरचे कागद वकिलाला दाखवल्याशिवाय टोकन देऊ नका. आणि एजंट "२०२७ चा कुंभमेळा आहे, भाव चढणार, आजच बुक करा" म्हणेल, म्हणू द्या.

फास्ट_लोकल:
सगळ्यांचे आभार, विशेषतः @नाईट_ड्युटी, बायकोला वाचून दाखवलं तर ती म्हणाली इंटरव्ह्यूचं चालेल, पण पगार वीस हजारांच्या खाली आला तर विषय बंद. रास्त आहे. मेलचं साहेबाला विचारलं तर "एचआरशी बोलतो" म्हणाले, म्हणजे बघू. तोपर्यंत फ्लॅट नाही, सहा-आठ महिने भाड्याने राहून बघायचं असं ठरतंय, तेही लिफ्टवाल्या बिल्डिंगमध्ये. आता शाळेचं सांगा, मुलगी स्टेट बोर्ड मराठी माध्यम, दिवाळीनंतर बदलली तर चालेल का?

नाईट_ड्युटी:
पुस्तकं बालभारतीचीच, त्यामुळे अभ्यासाचं काही अडत नाही. तरी मी असते तर मे महिन्यातच हलवलं असतं, वर्षाच्या मध्ये मैत्रिणी जमायला वेळ लागतो. आणि हो, इथली शाळा सीट आहे म्हणून सांगत नाही तोवर तिकडून दाखला काढू नका. इंदिरानगर आणि पाथर्डी फाट्याकडच्या मराठी शाळा मला माहितीयेत, मेसेज करा, नावं पाठवते.