पत्रकं 50 हजार, बिल 5 हजारांचं. छापखान्यानं काय करावं?

छापखानेवाला, इंदूर
नमस्कार. राजवाड्याच्या मागे आमचा लहानसा ऑफसेट छापखाना आहे, वडिलांच्या वेळेपासूनचा. 2023 च्या विधानसभेतली एक गोष्ट अजून मनातून जात नाही, म्हणून विचारतो. एका उमेदवाराचा माणूस आला. पत्रकं 50 हजार हवीत, बिल मात्र 5 हजारांचंच, पत्रकावर संख्याही तेवढीच. वरचे पैसे रोख. मी नाही म्हटलं. काम दुसरीकडे गेलं आणि दोन दिवसांत तीच पत्रकं आमच्या ओट्यावर येऊन पडली.

त्याच आठवड्यात एक निवृत्त मास्तर आले, अपक्ष उभे होते. 3 हजार पत्रकं, पैसे पेन्शनमधले. प्रूफ दोनदा वाचलं, खालची मुद्रकाची ओळसुद्धा. खर्चाची मर्यादा दोघांना एकच, 40 लाख. तो आकडा मास्तरांच्या आवाक्यातलाच नव्हता. आणि पहिल्यानं कागदोपत्री तो कधी ओलांडलाही नसणार.

खोटी संख्या छापली तर दोष कोणाचा? आणि हे पकडता येतं का?

वहीवाली, ग्वाल्हेर
दादा, दोष दोघांचा. मी एका अपक्ष बाईंचा निवडणुकीचा हिशेब ठेवला होता, म्हणून सांगते. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 127 क: पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक, म्हणजे छापून घेणारा, दोघांचं नाव-पत्ता हवा. प्रकाशकाचं घोषणापत्र, त्यावर त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या. छापून झालं की त्याची एक प्रत पत्रकासह जिल्हाधिकाऱ्यांकडे. आयोगाच्या नमुन्यात प्रती किती आणि पैसे किती घेतले हेही भरायचं असतं. कलम मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, 2 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 2 हजार! तेवढं तर एका सभेच्या चहात जातं.

आमच्या वहीची पानं तीन रंगांची होती: रोजच्या खर्चाची पांढरी, रोकडीची गुलाबी, बँकेची पिवळी. प्रचारात ती किमान तीनदा तपासायला न्यावी लागते. तिकडे अधिकाऱ्यांचं स्वतःचं छाया रजिस्टर असतं. त्यांना जे दिसलं ते जिल्ह्याच्या दरपत्रकानं त्यात चढतं. पण घरोघर वाटलेली पत्रकं मोजणार कोण?

छापखानेवाला, इंदूर
ताई, मोजता येतात, कागदावरून! आमच्या मापात एका शीटमधून आठ पत्रकं निघतात. 50 हजारांना 6,250 शीट, 500 शीटचा एक रीम धरून साडेबारा रीम. 5 हजारांना सव्वा रीम. कागदवाल्याचं बिल जीएसटीत असतंच. तपासणाऱ्यानं छापखान्याची कागदखरेदी एकदा मागितली तरी पुरे. आमच्याकडे आजवर कोणी मागितली नाही.

दांडियाबाजार, वडोदरा
भाऊ, तुमचे साडेबारा रीम पटले. पण त्या माणसानं थोडी अक्कल लढवली असती तर खोटं बिलही लागलं नसतं. उमेदवाराचं नाव-फोटो काढून नुसतं चिन्ह आणि पक्षाचा जाहीरनामा छापला, की खर्च पक्षाचा. पक्षाला मर्यादाच नाही. 1974 मध्ये कंवरलाल गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पक्षाचा असा खर्चही उमेदवाराच्या नावावर धरला होता, तर सरकारनं लगेच वटहुकूम काढून कायदाच बदलला आणि पक्षाचा खर्च उमेदवाराच्या हिशेबातून वगळला. 2003 मध्ये ती सवलत आवळली. तरी पक्षाचा सर्वसाधारण प्रचार आणि स्टार प्रचारकांचा प्रवास अजून बाहेरच आहे.

आणि पक्षाकडे पैसा येतो कुठून? 2018 पासून निवडणूक रोखे होते, एकेक 1 कोटीपर्यंतचा, देणाऱ्याचं नाव मतदाराला कळत नव्हतं. 15 फेब्रुवारी 2024 ला न्यायालयानं ते रद्द केले. कंपन्यांच्या देणगीवर नफ्याच्या साडेसात टक्क्यांची जी मर्यादा 2017 मध्ये उठवली होती, तीही परत आली. माझा राग देणगीवर नाही. आमच्या गल्लीतल्या नळासाठी उभा राहणारा माणूस आधी कोणाचा देणेकरी आहे, एवढं मला मत देण्याआधी कळायला हवं.

छापखानेवाला, इंदूर
दादा, चिन्हवाल्या पत्रकाचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तशीही छापली आहेत आम्ही, बिल पक्षाच्या नावानं. त्यात खोटं काही नव्हतं, तरी आता ते बिल पुन्हा काढून बघतो.

ताई, घोषणापत्राच्या त्या नमुन्याच्या प्रती करून काउंटरवरच ठेवतोय. आधी संख्या भरा, सह्या आणा, मग प्लेट काढू. मास्तरांना तेव्हा मी हे विचारलंच नव्हतं. त्यांनी स्वतःच दोन साक्षीदार सोबत आणले होते.