वकील गाठण्याआधी
घटस्फोट घ्यायचा ठरला की सगळ्यात आधी चांगला वकील गाठा, असं सांगितलं जातं. पटतंय, पण त्याच्याही आधी कागद एकत्र करा: विवाह नोंदणीचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, बँकेची स्टेटमेंट्स, कर्जाचे कागद. नाव सगळीकडे एकसारखंच आहे ना, हे अक्षर न् अक्षर ताडून बघा. एका कागदावर माहेरचं आडनाव, दुसऱ्यावर सासरचं, एवढ्यावरूनही अर्ज अडकू शकतो. दोघांचं थोडंफार बोलणं होत असेल तर मुलांचा ताबा, भेटीचे दिवस, घर कुणाकडे, हे आधीच लिहून काढा. परस्परसंमतीने केलेला अर्ज बहुधा लवकर निकाली निघतो. फोनवर आवाज चढत असेल तर सरळ ईमेलवर बोला, नोंदही राहते. आणि वकिलावर कितीही विश्वास असला तरी सही करण्याआधी मसुदा स्वतः पूर्ण वाचाच.