८ कोअरचं लायसन्स घेतलं, सर्व्हर तरी ढिम्मच

भोसरी_आयटीवाला:
आमचं मशीनिंगचं युनिट आहे. ईआरपी (स्टॉक, खरेदी, हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर) आधी एसक्यूएल सर्व्हर २०१२ या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसवर होतं. आता नवीन सर्व्हर घेतला, त्यावर व्हीएमवेअर (एका सर्व्हरवर आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) आणि एका व्हीएममध्ये, म्हणजे आभासी मशीनमध्ये, एसक्यूएल सर्व्हर २०१९ स्टँडर्ड एडिशन. ८ व्हीसीपीयू (व्हीएमला दिलेले आभासी प्रोसेसर), ६४ जीबी रॅम. लायसन्स कोअरवर (प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या भागांच्या संख्येवर), दोन-दोन कोअरचे चार पॅक. तरी महिनाअखेरीला अकाउंट्सनं स्टॉक लेजर काढला की सगळ्यांच्या स्क्रीन अडकतात. स्टोअर्सचे काका जीआरएन (आलेल्या मालाची नोंद) सेव्ह होईना की थेट माझ्या टेबलापाशी. टास्क मॅनेजरमध्ये चार आलेख वर टेकलेले, उरलेले चार सपाट. व्हेंडर म्हणतो स्टँडर्डचा जीवच तेवढा, एंटरप्राइज एडिशन घ्या. कोटेशन बघून मालकांनी चष्मा काढून ठेवला. खरंच लागेल का?

जुना_डीबीए:
चार सपाट आलेख, इथेच उत्तर आहे. स्टँडर्ड २०१९ जास्तीत जास्त चार सॉकेट (प्रोसेसरची चिप बसते ती जागा) किंवा २४ कोअर वापरतं, यातलं जे कमी असेल ते. तुमच्या व्हीएमला बहुतेक ८ सॉकेट, प्रत्येकी १ कोअर असं दिलंय. जुन्या व्हीएमवेअरमध्ये डिफॉल्ट तसंच यायचं. म्हणजे चार सॉकेट, चार कोअर, खेळ खलास. पैसे आठचे भरलेत, राबतायत चार.

एसक्यूएलचा एरर लॉग उघडा. सर्व्हिस सुरू होतानाच्या ओळींत किती सॉकेट सापडले आणि लायसन्सिंगनुसार किती लॉजिकल प्रोसेसर वापरतोय, हे तो स्वतःच लिहून ठेवतो. कोणी वाचत नाही ही गोष्ट वेगळी. तिथे ४ दिसलं तर व्हीएम बंद करून १ सॉकेट, ८ कोअर करा. जास्तीचं लायसन्स लागत नाही.

एंटरप्राइजनंही ते चार कोअर जागे होतील, कारण तिथे ही मर्यादा नाही. म्हणून तर व्हेंडरचा सल्ला ‘बरोबर’ ठरला असता! पण जवळपास चौपट किंमत मोजून.

हडपसरकर:
युजर किती आहेत? तीस-पस्तीस असतील तर सर्व्हरचं लायसन्स अधिक कॅल (दर माणसामागे किंवा दर मशीनमागे घ्यायचा वापराचा परवाना) हा मार्गही बघायला हवा होता, स्टँडर्डला तो मिळतो. शॉपफ्लोअरवर तीन शिफ्टचे ऑपरेटर एकाच टर्मिनलवर बसत असतील तर डिव्हाइस कॅल स्वस्त पडतात.

जुना_डीबीए:
बरोबर, पण एक खाच आहे. ईआरपी एकाच लॉगिननं डेटाबेसला जोडतं म्हणून एकच कॅल पुरेल, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. मधे ॲप्लिकेशन असलं तरी पलीकडची माणसं किंवा मशीनं मोजली जातात.

मुक्तस्रोत:
पोस्टग्रेस (फुकट, मुक्तस्रोत डेटाबेस) घ्या, कोअर मोजायची कटकटच नाही.

जुना_डीबीए:
मलाही आवडतं. पण त्यांच्या ईआरपीतल्या शेकडो स्टोअर्ड प्रोसिजर (एसक्यूएल सर्व्हरच्या आतच लिहून ठेवलेले प्रोग्राम) पुन्हा कोण लिहिणार, तुम्ही?

भोसरी_आयटीवाला:
सर, लॉगमध्ये ८ सॉकेट आणि वापर ४, अगदी तसंच निघालं. रविवारी बदल केला. आता आठही आलेख हलतात, लेजर चालू असताना जीआरएन सेव्ह होतात, काका खूश. पण लेजरला स्वतःला पूर्वीइतकाच वेळ लागतो.

जुना_डीबीए:
तो एकाच कोअरवर चालत असणार. रिपोर्टच्या क्वेरीत (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत) स्केलर फंक्शन, म्हणजे दर वेळी एकच उत्तर काढून देणारा छोटा प्रोग्राम, आहे का बघा, दर आयटमचा रेट काढणारं वगैरे. ते असलं की क्वेरी पॅरलल, म्हणजे अनेक कोअरवर एकदम, चालत नाही, कोअर कितीही द्या. २०१९ अशी बरीच फंक्शनं क्वेरीतच मिसळून टाकतं, पण कॉम्पॅटिबिलिटी लेव्हल (डेटाबेसनं कुठल्या आवृत्तीसारखं वागायचं ते ठरवणारा आकडा) १५० असेल तरच. तुम्ही २०१२ चा बॅकअप रिस्टोअर केलात, म्हणजे ती ११० वरच अडकली असेल. मात्र थेट लाइव्हवर बदलू नका. डेव्हलपर एडिशन फुकट आहे, टेस्टिंगला चालतं. त्यावर कॉपी टाका, लेव्हल १५० करा, महिनाअखेरीचे सगळे रिपोर्ट चालवून आकडे जुळवा. आणि मॅक्स सर्व्हर मेमरी (एसक्यूएलनं वापरायच्या रॅमची मर्यादा) डिफॉल्टवर असेल तर विंडोजसाठी थोडी रॅम राखून ५४-५६ जीबीवर बांधून टाका.